वरातीला माफी, वाढदिवसाला पावती

लग्नाचा आल्बम तुम्ही पाहिलेलाच असतो. नवरीच्या मैत्रिणींनी महिनाभर बसवलेला नाच, नको नको म्हणताना स्टेजवर ओढून आणलेले काका, वरातीत शर्ट भिजेपर्यंत नाचलेला मित्रपरिवार. ते पुन्हा सांगत नाही. मी त्या वेळी स्टेजच्या मागे असतो, मिक्सरपाशी, पायांत वायरी घेऊन. ध्वनिव्यवस्था लावणं हा माझा व्यवसाय. तिथून जे लग्न दिसतं, त्यात नवरा-नवरीच्या आधी एक फाइल हजर होते. तिच्यात परवाने असतात, नोटिसा असतात, हमीपत्रं असतात. पाहुण्यांना ती कधीच दिसत नाही आणि अर्धी भांडणं तिच्यावरूनच होतात.

एका मोठ्या हॉटेलात संगीतची संध्याकाळ होती. टॉप, बेस सगळं लागलं होतं, साउंड चेक बाकी होता, आणि बॅन्क्वेट मॅनेजरने लाइनच बंद करायला लावली. ‘‘सर, म्युझिक लायसन्सची कॉपी मिळाल्याशिवाय सप्लाय देता येणार नाही.’’ नवरीचे वडील घामाघूम. नवरीचे मामा वकील. मामांनी तिथल्या तिथे मोबाइलवर कायदा उघडला आणि कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए) खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. धार्मिक विधीत वाजवलेलं संगीत म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे, आणि धार्मिक विधीत लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभही आले, असं ते कलम सांगतं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘मामा म्हणतात ते बरोबर आहे सर, पण हेड ऑफिसचा नियम आहे.’’ शेवटी वडिलांनी ‘हा विवाहाचाच भाग आहे’ असं लिहून दिलं, सोबत पत्रिका जोडली आणि लाइट आली. रात्री सामान उचलताना मॅनेजर ते पत्र फाइलला लावत होता. त्याच फाइलमध्ये केंद्र सरकारची २४ जुलै २०२३ची जाहीर सूचना होती. लग्नसमारंभातल्या संगीतासाठी या कलमाविरुद्ध जाऊन वसुली करू नका, असं कॉपीराइट संस्थांना बजावणारी. त्यातल्या नेमक्या ओळी पिवळ्या मार्करने रंगवलेल्या. ‘‘मग अडवलंत कशाला?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘अडवलं तर पाहुणे चिडतात, सर. नाही अडवलं आणि काही झालं, तर माझी नोकरी जाते.’’

त्याची भीती खोटी नाही. ज्याची जागा आहे, त्यालाही हा कायदा पकडतो. नफ्यासाठी जागा दिली आणि तिथे परवान्याविना गाणं वाजलं, तर कलम ५१खाली जागेचा मालकही भंगात सामील धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं हे त्याला दाखवून द्यावं लागतं. कलम ६३खाली शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. शिवाय मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगून टाकलं. तेव्हापासून आमच्याकडच्या मॅनेजर मंडळींचा आवाज बदलला. पूर्वी ते ‘लायसन्स बघून घ्या’ म्हणायचे, आता ‘लायसन्स दाखवा’ म्हणतात.

मामांनी वाचलेलं ते कलम मूळ कायद्यात नव्हतंच. १९९४च्या दुरुस्तीने ते आलं आणि १० मे १९९५पासून लागू झालं. तेव्हापासून देशात किती लग्नं लागली असतील ते तुम्हीच मोजा. इतकं होऊनही मे २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की लग्नातलं डीजेचं रेकॉर्डेड संगीत या सवलतीत नेमकं कुठवर बसतं. एका बाजूला फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, म्हणजे आमच्या भाषेत पीपीएल. दुसऱ्या बाजूला लग्नांचे कार्यक्रम करणारी एक कंपनी. प्रश्न सगळ्या समाजाला भिडणारा आहे, हे ओळखून न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांनी तो समजावून घ्यायला कायद्याचे प्राध्यापक अरुल जॉर्ज स्कारिया यांना तज्ज्ञ म्हणून नेमलं. सत्तावीस वर्षं वराती बिनधास्त निघत होत्या. त्यांच्या मागे चालणारं कलम मात्र न्यायाधीशांनाही तज्ज्ञ बोलावून वाचावं लागलं.

लग्नाला माफी आहे हे एकदा कळलं, की काही डोकी लगेच कामाला लागतात. आमच्या धंद्यात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. एका कंपनीची वार्षिक पार्टी होती. परवान्याचे पैसे वाचवायला आयोजकाने हॉलबाहेर झेंडूच्या माळा सोडल्या, ‘शुभविवाह’ अशी कमान लावली आणि बुकिंगही ‘संगीत’ म्हणून केलं. आत सेल्स टीम नाचतेय. हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांची माणसं अशा कार्यक्रमांना पाहुण्यांसारखी येतात, कोणतं गाणं किती वाजता वाजलं ते मोबाइलवर टिपतात, आणि पुढे नोटिशीला तीच यादी जोडलेली असते. त्या रात्रीही असा एक गृहस्थ आला होता. जेवण झाल्यावर त्याने आयोजकाला अगदी नम्रपणे विचारलं, ‘‘नवरा-नवरीला आहेर कुठे द्यायचा?’’ आयोजकाने घाईघाईत अकाउंट्सच्या एका मुलाला आणि एचआरमधल्या एका मुलीला पुढे केलं. त्या मुलीचा खराखुरा नवरा शेजारीच प्लेट धरून उभा होता.

गोव्याचा किस्सा याहून मोठा, कारण तिथे सरकारच मैदानात उतरलं. समुद्रकाठची लग्नं हा तिथला मोठा व्यवसाय. बाहेरगावची कुटुंबं पूर्ण रिसॉर्ट घेतात. हळद, मेंदी, संगीत, पूल पार्टी, लग्न आणि दुसऱ्या दिवशीचा ब्रंच सगळं तिथेच, आणि प्रत्येक कार्यक्रमाला परवान्याचा तगादा. ३० जानेवारी २०२४ला गोवा सरकारने परिपत्रक काढलं. लग्न आणि लग्नाशी संबंधित समारंभांतल्या संगीतासाठी हॉटेलांनी किंवा हक्कधारकांनी ना हरकत मागू नये, असा त्याचा रोख होता. त्या हंगामात काही हॉटेलांनी ते परिपत्रक लॅमिनेट करून रिसेप्शनवर ठेवल्याचं मी पाहिलं आहे. पीपीएल आणि सोनोटेक कॅसेट्स या कंपनीने त्याला आव्हान दिलं. १३ ऑगस्ट २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मिनेझिस यांचं म्हणणं सरळ होतं: संसदेने कलमात जेवढं लिहिलं आहे, त्याचा अर्थ परिपत्रक काढून रुंदावता येणार नाही. दुसऱ्याच दिवसापासून माझा फोन वाजू लागला. ‘‘म्हणजे आता लग्नालाही पैसे भरायचे?’’ नाही. पडलं ते परिपत्रक. कलम ५२(१)(झेडए) कालही होतं, आजही आहे. गंमत अशी की त्या निकालाच्या बातम्या वाचून सर्वात आधी घाबरले ते ज्यांना परवान्याची गरजच नव्हती असे वरपिते. ज्यांना खरंच गरज होती, त्या पूल पार्टीवाल्यांनी एक फोनही केला नाही.

आता त्या फाइलमध्ये एवढे कागद का साचतात ते सांगतो. एका गाण्यात हक्क एकाचा नसतो. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस ही १९६९ची संस्था. रेकॉर्डिंगसाठी पीपीएल, तिचा जन्म १९४१चा. काही निवडक कंपन्यांचे हक्क नोव्हेक्स या कंपनीकडे. त्यात २०२१मध्ये आरएमपीएल नावाची नोंदणीकृत कॉपीराइट संस्था आली. एका माणसाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हॉटेलच्या टेबलावर तीन वेगवेगळ्या लेटरहेडांची पत्रं मी पाहिली आहेत. त्याने त्यातल्या एकाचे पैसे भरले आणि निर्धास्त झाला. डीजेने पहिलंच गाणं लावलं, ते दुसऱ्याच्या यादीतलं निघालं.

या कंपन्यांना परवाने विकण्याचा अधिकार आहे का, यावर न्यायालयांतही रस्सीखेच सुरू आहे आणि मला त्यातला थरार एखाद्या मालिकेपेक्षा जास्त वाटतो. कायद्याचं कलम ३३ म्हणतं, परवाने देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत संस्थेनेच करावा. कलम ३० म्हणतं, हक्काचा मालक स्वतः परवाना देऊ शकतो. मग ज्याने शेकडो कंपन्यांचे हक्क स्वतःच्या नावावर लिहून घेतले, तो मालक की व्यापारी? नोव्हेक्स मद्रास उच्च न्यायालयात डिसेंबर २०२१मध्ये हरली. तीच नोव्हेक्स, पीपीएलसोबत, जानेवारी २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकली; न्यायमूर्ती छागला यांनी हक्क लिहून घेणाऱ्याला मालक मानलं. म्हणजे एकच कागद चेन्नईत चालत नव्हता आणि दादरला चालत होता. १५ एप्रिल २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अझ्युअर हॉस्पिटॅलिटी या रेस्टॉरंट कंपनीच्या खटल्यात पीपीएलच्या विरोधी दिशेने कौल दिला आणि आरएमपीएलच्या दराने पैसे द्यावेत असा निर्देश दिला. हॉटेलवाल्यांनी एकमेकांना पेढ्यांचे फोटो पाठवले. सहा दिवसांनी, २१ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने त्या दरांच्या निर्देशाला स्थगिती दिली.

हे सगळं वाचून ‘गाण्याचे पैसे मागतातच कशाला’ असं कुणाला वाटलं, तर तिथे मी ठामपणे दुसऱ्या बाजूला आहे. या वसुलीची सुरुवात एका पार्टीतूनच झाली. १८४७ साली पॅरिसच्या एका उंची कॅफेत एर्नेस्ट बुर्जे नावाचा संगीतकार साखरपाणी पीत बसला होता आणि तिथला वाद्यवृंद त्याचीच रचना वाजवत होता. बिल आल्यावर तो म्हणाला, तुम्ही माझ्या संगीताचे पैसे देत नाही, मग मी तुमच्या साखरपाण्याचे देणार नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, बुर्जे जिंकला आणि १८५१मध्ये जगातली पहिली मोठी वसुली संस्था उभी राहिली. आपल्याकडे उलटं झालं. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएसच्याच खटल्यात सिनेसंगीताचे हक्क निर्मात्याच्या पदरात टाकले. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडलं आणि गाणाऱ्याला कायदा काहीच देत नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न काढून घेता येणारा वाटा मिळायला २०१२ची दुरुस्ती यावी लागली. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत उभे राहिले. लग्नातल्या पाहुण्यांनी ज्यांच्या ओळी आयुष्यभर गुणगुणल्या, त्यांतले कितीतरी जण तोवर गेलेले होते.

एका रिसेप्शनला एक वृद्ध व्हायोलिनवादक पाहुणे म्हणून आले होते. जुन्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. डीजेने एक जुनं गाणं लावलं, तसे ते कन्सोलपाशी येऊन उभे राहिले. ‘‘आता अंतऱ्याआधी जो तुकडा येईल ना, तो माझा आहे,’’ ते मला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. मी आवाज हळूच वाढवला. पण गाणं रीमिक्स होतं. तुकडा यायच्या जागी नुसता बेस आला. ते हसले, माझ्या खांद्यावर थोपटून जेवायला गेले. त्या तुकड्याचा पैसा त्यांना कधीच मिळाला नव्हता. आता तो तुकडाही गेला होता.

वाढदिवसाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. घरच्या दिवाणखान्यात, नातेवाईक आणि मित्र बोलावून गाणी लावलीत, तर तिथे ‘जनता’ नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. श्रोते कोण आहेत, त्यांचं यजमानाशी नातं काय, पैसे कोण कमावतंय, हे पाहण्याची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाने १९८९मध्येच घालून दिली. तो खटला मुंबईच्या इमारतींत केबलवरून सिनेमे दाखवणाऱ्यांचा होता. केबलवाले म्हणत होते, प्रत्येक जण आपापल्या घरात बसून बघतो, मग हे जाहीर कसं? न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ते मान्य केलं नाही. पैसे भरून जोडणी घेणारा कुणीही प्रेक्षक होऊ शकतो, म्हणजे ती जनताच. तेव्हा बंद दार ही काही जादू नाही. हॉटेलच्या बंद हॉलमधला वाढदिवस खासगी की जाहीर, याच प्रश्नावर आजही मॅनेजर आणि यजमान हमरीतुमरीवर येतात. लग्नाची माफी तिथे नक्कीच नसते. एका आजोबांच्या पंचाहत्तरीला घरच्यांनी त्यावर तोडगा काढला: आजोबा-आजींचं पुन्हा लग्न लावलं. अक्षता, मंगलाष्टका, सगळं रीतसर. मॅनेजरने निमूट मान डोलावली. पुढे गडबड आजोबांनी केली. भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘माझ्या वाढदिवसाला आलात, आभारी आहे.’’

आणि ज्या गाण्याशिवाय केक कापला जात नाही, त्याचा पडद्यामागचा इतिहास तर कमालीचा. त्याची चाल अमेरिकेतल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींच्या बालवाडीच्या गाण्याची, ते छापलं गेलं १८९३मध्ये. पुढे वॉर्नर कंपनीने १९८८ साली हक्क विकत घेतले आणि वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर या गाण्यावर कमावले जात होते. घरी गाणाऱ्याला कुणी हात लावत नव्हतं, पण सिनेमात किंवा कार्यक्रमात गायलात तर बिल यायचं. म्हणूनच अमेरिकेतली हॉटेलं वेटरांकडून स्वतःची वेगळीच गाणी म्हणून घ्यायची. जेनिफर नेल्सन या माहितीपट बनवणाऱ्या बाईंनी १,५०० डॉलर भरले, तेही या गाण्यावरच्याच माहितीपटासाठी, आणि मग २०१३मध्ये दावा ठोकला. वकिलांना १९२२चं एक गाण्यांचं पुस्तक सापडलं, त्यात गाणं होतं आणि हक्काची खूण नव्हती. सप्टेंबर २०१५मध्ये न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी कंपनीचा दावा फेटाळला, पुढच्या वर्षी तडजोड झाली ती एक कोटी चाळीस लाख डॉलरची. आता ते गाणं सगळ्यांचं आहे. तुमच्या हॉलमध्ये केक कापताना वाजणारं रेकॉर्डिंग मात्र कुणातरी कंपनीचं असू शकतं. टाळ्या वाजवत स्वतःच्या तोंडाने म्हणा, एक पैसा लागत नाही.

रेकॉर्डिंग टाळून ऑर्केस्ट्रा बोलावणारे हुशार यजमानही भेटतात. त्यांचं गणित अर्धं बरोबर असतं. प्रत्यक्ष गायलं-वाजवलं तर रेकॉर्डिंगच्या हक्काचा प्रश्न उरत नाही, शब्द आणि चालीचा उरतो. अशाच एका निवृत्तीच्या पार्टीत यजमानांनी आयपीआरएसची पावती पुढे केली, ऑर्केस्ट्रा सुरेख झाला. मध्यंतरात गायक जेवायला बसले आणि शांतता नको म्हणून ऑर्केस्ट्राच्याच मुलाने पेन ड्राइव्ह लावला. अर्ध्या तासाच्या त्या मध्यंतरासाठी पुढे नोटीस आली. मोबाइलमधलं सशुल्क ॲप असतं तरी फरक पडला नसता. त्या वर्गणीच्या अटींतच लिहिलेलं असतं की हे स्वतः ऐकण्यासाठी आहे, कार्यक्रमासाठी नाही.

सोसायटीच्या हॉलला कायद्याने दिलेली सूट फार थोड्यांना माहीत आहे. राहत्या इमारतीतल्या रहिवाशांसाठीच्या बंदिस्त हॉलमध्ये, रहिवाशांची सोय म्हणून रेकॉर्डिंग वाजवलं तर कलम ५२(१)(के)खाली तो भंग नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबलाही तीच सवलत. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने हे कलम नोटीस बोर्डावर टाचलं होतं, मला फार कौतुक वाटलं. त्याच बोर्डावर खाली दुसरा कागद होता: ‘बाहेरील व्यक्तींना हॉल भाड्याने मिळेल.’

कॉपीराइटची माफी मिळाली, की लोकांना वाटतं आता आवाजही माफ. तिथे मात्र कुणालाच माफी नाही, आणि नसावीच. ध्वनिप्रदूषणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५चा निकाल सगळे ‘दहाचा नियम’ म्हणून ओळखतात. त्याची सुरुवात एका बातमीपासून झाली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि आजूबाजूला लाउडस्पीकरवर मोठ्याने संगीत सुरू असल्यामुळे तिच्या किंकाळ्या कुणाच्या कानावर गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. ती बातमी वाचून एका अभियंत्याने याचिका केली. मी बेसचा नॉब फिरवतो तेव्हा ही मुलगी मला आठवते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त हॉलमध्ये आतल्यापुरता चालतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांना. लग्नाची तिथी त्यात आपोआप येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून पाचच डेसिबल जास्त चालतात. आमची ती डॉल्बीची भिंत नुसती चालू केली, गाणं लावायच्या आधी, तरी या आकड्याला भिडते. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत तर शांतता क्षेत्र.

एका लॉन्सवर हळदीला सव्वादहा झाले तरी पोरं थांबेनात. पोलीस आले. नवरदेवाचे मामा तावातावाने विचारत होते, ‘‘साहेब, तक्रार कुणी केली ते फक्त सांगा.’’ हवालदारांनी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे की आवाजाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागू नका आणि उघड करू नका. मामांनी रात्रभर शेजारच्या बंगलेवाल्यांना शिव्या घातल्या. सकाळी नाश्त्याला नवरदेवाची आजी पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली, ‘‘अरे, मीच केला होता फोन. माझी खोली स्पीकरच्या मागेच दिलीत.’’

दहाच्या नियमावर गोव्याने काढलेला उपाय आता जगभरच्या पर्यटकांना ठाऊक आहे. काणकोणातल्या पाळोळेच्या किनाऱ्यावर हेडफोनच्या पार्ट्या सुरू झाल्या. शेकडो माणसं नाचतात आणि बाहेरून फक्त वाळूवर पाय घासल्याचा आवाज येतो. शेजाऱ्यांची झोप शाबूत, पोलीस निवांत. हेडफोनमध्ये वाजणाऱ्या गाण्याला परवाना मात्र लागतोच. कॉपीराइटचा कायदा आवाज मोजत नाही, ऐकणारे मोजतो.

शेवटचा घोटाळा लग्न पार पडल्यावर होतो. वरातीला माफी, संगीतला माफी, सगळं निर्विघ्न. मग व्हिडिओवाला त्याच गाण्यावर सुंदर फिल्म कापतो, नवरी ती इन्स्टाग्रामवर टाकते आणि तासाभरात आवाज गायब. माफी विधीच्या ओघात वाजवण्यापुरती आहे. गाणं चित्राला जोडून जगभर पाठवणं ही वेगळी गोष्ट. एका जोडप्याची सगळी फिल्म मुकी झाली होती, फक्त एक तुकडा वाजत होता: मंगलाष्टका म्हणताना सूर चुकलेल्या आत्याबाईंचा.

म्हणून लग्नसराईत फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो. लग्न असेल तर पत्रिका आणि कलमाची प्रत बुकिंगच्या दिवशीच हॉटेलला द्या, आणि लग्नाच्या संगीतासाठी कुणी पैसे मागितले तर कोणत्या कलमाखाली मागताय ते लेखी घ्या. लग्न नसेल तर आधी विचारा की हॉटेलचा स्वतःचा वार्षिक परवाना आहे का, तुमच्या हॉलला आणि तुमच्या तारखेला तो लागू आहे का. भरायचे असतील तर रोख देऊ नका. ज्या संस्थेच्या यादीत तुमची गाणी आहेत तिचीच पावती घ्या आणि जपून ठेवा. त्या पैशांतला काही भाग एखाद्या गीतकाराच्या घरी पोहोचतो, तेव्हा देताना हात आखडता घेऊ नका. आणि दहाला आवाज बंद करा. साउंडवाल्याला ‘अजून एकच गाणं’ म्हणू नका. परवाना तुमच्या नावावर असला तरी पोलीस मिक्सर उचलून नेतात तो आमचा.